एक दाणा जास्त

शनिवार, ३ मार्च १९८४

आज मैदानावर थिओने सगळ्यांसमोर विचारलं, "ओसी, काडतुसं भरताना मेल्वाशी भांडला होतास का?"

"का रे?"

"लाथा मारतायत. सगळी नाही. दहा गुमान जातात, अकरावं गाढवासारखं उसळतं."

"वय झालं तुझं. खांदा हळवा झालाय."

"खांदा माझा, पण लाथ तुझी," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

थिओ नोस्के माझा मेव्हणा, माझ्या बायकोचा, मेल्वाचा, थोरला भाऊ. वय त्रेसष्ट. त्याच्या वडिलांची दुनळी बंदूक आहे, नळ्या घासून घासून पातळ झालेल्या. दर शनिवारी तो तीच घेऊन हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला येतो. दुसरी चांगली बंदूक घरी कपाटात पडून आहे. या ईस्टरच्या शनिवारी क्लबाला पन्नास वर्षं होतात. पहिल्या वर्षीचा कप त्याच्या वडिलांनी याच दुनळीने जिंकला होता, म्हणून त्या दिवशी तो तिनेच खेळणार.

क्लबातल्या अकरा जणांची काडतुसं एकोणीस वर्षं मी भरतो. उडवलेली रिकामी काडतुसं प्रत्येकजण पिठाच्या पिशवीतून आणून देतो. मी त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू, बूच आणि छरे भरून, तोंड मिटवून, पंचवीस-पंचवीसच्या खोक्यांत परत करतो. ज्याची त्याला, वर नाव घालून. आमची सेक्रेटरी बेरिल लॅन्ट्री हिने आज आपलं खोकं डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं. "हे नाव मुंगीकडून लिहून घेतलंस का? मला वाटलं डाग पडलाय."

पुठ्ठ्यावर जागा कमी असते, मी म्हटलं. तसं काही नाही. पुठ्ठा पूर्वी होता तेवढाच आहे.

सोमवार, ५ मार्च

काल रविवार, शेड बंद. पण उपदेश चालू असताना माझ्या डोक्यात ते अकरावं काडतूस होतं.

आज थिओसाठी भरून ठेवलेल्या खोक्यातली दहा कापली. एकेकाची दारू तराजूच्या पारड्यात ओतली. माप ग्रेनचं. ग्रेन म्हणजे दाणाच, जुन्या लोकांनी धान्यावरून ठरवलेलं वजन. मी या वहीत दाणाच म्हणतो, गहू पिकवणाऱ्याला ते बरं वाटतं. या भरतीला पुस्तक म्हणतं अठरा. अर्धा दाणा इकडेतिकडे चालतो. त्यापुढे जाऊ नका असं पुस्तकात जाड अक्षरात छापलंय.

सात काडतुसं अठराच्या आसपास निघाली. दोन अठरा आणि सात दशांश. एक एकोणीस आणि तीन.

आधी तराजूवर संशय घेतला. दार लावलं, वारा बंद केला, वजनाचा पितळी तुकडा ठेवून बघितला. तराजू खरा आहे.

म्हणजे थिओचा खांदाही खरा आहे.

मंगळवार, ६ मार्च

यंत्र साधं आहे. वर दारूची बाटली आणि छऱ्यांची बाटली, खाली लोखंडी सरकपट्टी. पट्टीला भोक. बाटलीतली दारू भोकात उतरते, पट्टी सरकवली की ती काडतुसात पडते. म्हणजे यंत्राला वजन कळत नाही. भोकात मावेल तेवढी दारू त्याने द्यायची, एवढंच. एकोणीस वर्षं मी हे जाणतो, पण यावर कधी विचार केला नव्हता.

पहिला तर्क: बाटली भरलेली असली की वरच्या भाराने दारू भोकात दाबून बसत असावी. आज बाटली काठोकाठ भरून वीस वेळा पट्टी सरकवली, मग अर्धी ठेवून वीस, मग तळाला आल्यावर वीस. सगळं तोललं. फरक आहे, पण एक दशांश. जड दाणे तिन्ही वेळा मधूनच निघाले, कधी तिसरं, कधी सोळावं.

तर्क गेला. पण मला वाईट वाटलं नाही. शाळेत मास्तर फळ्यावरचं चुकलेलं गणित पुसत नसत, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी नवं मांडत. आज तशी एक रेघ मारली.

गुरुवार, ८ मार्च

दुसरा तर्क: गहूगाडी. शेडपासून रुळ साठ पावलांवर आहेत. साडेदहाची गाडी सायलोकडे, गव्हाच्या उंच कोठारांकडे, जाते तेव्हा फळीवरचे खिळे नाचतात. दारू हलली की बसणारच.

आज गाडी जाताना वीस भरली, गेल्यावर वीस. गाडी जाताना दोन जड, गेल्यावर चार.

मेल्वा चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "वीस वर्षांच्या शेजारणीवर आळ घेतलास. आता माफी मागायला स्टेशनवर जा."

"हसू नकोस. अजून कारण सापडलेलं नाही."

"तू कप खाली ठेव आधी. बशीत अर्धा सांडलाय."

शेडमध्ये मी नेहमी उभ्याने चहा पितो. बशी हातात धरून उभं राहिलं की सांडतोच.

मंगळवार, १३ मार्च

यंत्रात दोष नसेल तर निष्काळजीपणात असणार असं ठरवलं, आणि चार दिवस दुप्पट काळजीने भरलं.

माझी पद्धत लिहून ठेवतो. प्रत्येक काडतुसाशी मी थांबतो. उजवा हात पट्टीवर ठेवतो, डाव्या हातात टॉर्च. आत आधीची दारू पडलेली नाही ना हे वाकून बघतो, कारण एकात दोनदा दारू पडली तर बंदूक फुटते, आणि बंदूक गालाला लावलेली असते. मग ज्याचं काडतूस त्याचं नाव घेऊन "सांभाळ" म्हणतो आणि पट्टी सरकवतो. प्रार्थना एवढीच. मास्तर म्हणत, लांब प्रार्थना करणाऱ्याला स्वतःचा आवाज आवडतो.

आता मी दहा आकडे मोजेपर्यंत थांबू लागलो. टॉर्च दोनदा फिरवली. नावही दोनदा.

आज तोललं. पन्नासांत जड एकोणीस. एक तर एकोणीस आणि सहा.

काळजी वाढवली तर दारू वाढली. हे काय गणित आहे? मी बराच वेळ स्टुलावर बसून राहिलो. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आधी नवल वाटलं.

शनिवार, १७ मार्च

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, म्हणून लिहितो.

महिन्याभरात माझ्या शेडमधून सोळा खोकी बाहेर गेली आहेत. मी सकाळी क्लबात गेलो ते सांगण्यासाठीच. "माझी काडतुसं वापरू नका" एवढं वाक्य. ते तोंडात घेऊन मी टिनाच्या छपराखाली उभा राहिलो. कारण विचारलं तर काय सांगू, हे ठरेना.

थिओ तिसऱ्या खुणेवर उभा होता. "ओढ!" म्हणाला, तबकडी उडाली, फुटली. सातव्या बारानंतर रिकामं काडतूस काढायला बंदूक बिजागरीवर मोडायला गेला तर उघडेना. गुडघ्यावर टेकवून दोन्ही हातांनी उघडावी लागली. दाब जास्त झाला की काडतूस फुगून नळीत धरून बसतं. हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत असायला हवं.

बेरिल ओरडली, "तेल घाल रे त्या म्हातारीला!"

"कोणत्या?" थिओ म्हणाला. "इथे दोन आहेत."

सगळे हसले. मी तोंड उघडलं आणि चहा प्यायलो.

पुढचे अठरा बार मी मोजले. प्रत्येकाला डोळे मिटले. काही झालं नाही. काही झालं नाही याबद्दल आभार मानायचीही मला आज लाज वाटली.

रविवार, १८ मार्च

आज प्रभुभोजन होतं. मनात कुणाबद्दल काही अडलेलं असेल तर पुढे जायचं नसतं, म्हणून मी बाकावरच बसून राहिलो. मेल्वा एकटी पुढे गेली.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "कुणाशी बिनसलंय तुझं?"

मी सगळं सांगितलं. थिओची बंदूक अडकली तेही.

ती म्हणाली, "मग त्यांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? कारण अजून सापडलं नाही."

"कारण मागून सापडेल. काडतुसं आधी सापडायला हवीत."

एवढी सोपी गोष्ट मला दोन आठवडे कळली नाही. मी कोडं सोडवत बसलो होतो आणि कोड्यातले तुकडे लोकांच्या खिशात होते.

शनिवार, २४ मार्च

सांगितलं.

आठवडाभर फोन करायचं मनात होतं. मेल्वाने त्यातले चार माझ्या आधीच करून टाकले. बाकीच्यांना आज चहाच्या वेळी उभं राहून सांगितलं की फेब्रुवारीपासून भरलेली सगळी खोकी परत हवीत, काहींत दारू जास्त आहे, का ते मला माहीत नाही.

मग एकाने विचारलं, "म्हणजे मागच्या शनिवारी मी चोवीस फोडल्या त्या तुझ्या चुकीमुळे?"

"आणि मी अकरा फोडल्या त्या?" दुसरा म्हणाला.

बेरिलने टेबलावर खोकं आपटलं. "गप्प बसा दोघं. ओसी, हे माझं. तीन कमी आहेत, ती उडवली मी. कान अजून जागेवर आहेत." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "उभं राहून बोललास ते बरं केलंस. माझ्या नवऱ्याला साधं रस्ता चुकलो म्हणणं जमत नाही."

संध्याकाळपर्यंत तेरा खोकी जमली. दोन संपलेली होती. एक राहिलं, थिओचं.

"देणार नाही," तो म्हणाला.

"थिओ, त्या पातळ नळ्या..."

"एकोणीस वर्षं तुझ्या हातचं काडतूस माझ्या गालाशी फुटतंय. एकदा तरी दगा दिला का? आणि आज तू मला सांगतोस भरवसा काढून घे. ते खोकं ईस्टरसाठी ठेवलंय मी. बाबांच्या बंदुकीतून, तुझी काडतुसं. दुकानाची घालणार नाही."

"मीच सांगतोय तुला."

"तुझ्यापेक्षा तुझी मला जास्त खात्री आहे," तो म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला.

माणसाने आपल्यावर विश्वास ठेवू नये म्हणून त्याला कसं पटवायचं? माझ्याकडे एकच वाट उरली. कारण शोधून त्याच्यासमोर ठेवायचं. ईस्टरला चार आठवडे आहेत.

मंगळवार, २७ मार्च

परत आलेली काडतुसं कापतोय. छरे डब्यात, टोप्या वेगळ्या, दारू भाजीच्या वाफ्यात पातळ पसरून वर पाणी. मेल्वा म्हणते, या वर्षी कोबी फुटतील.

एकेक तोलून लिहून ठेवतो आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीची थोडी जड, शेवटाची जास्त. गेल्या वर्षीचं एक विसरलेलं खोकं फळीच्या मागे सापडलं. त्यात एकही जड नाही. तेव्हाही यंत्र हेच, पट्टी हीच, दारूचा डबाही त्याच खरेदीतला.

मग बदललं काय?

गुरुवार, २९ मार्च

आज एक विचित्र गोष्ट झाली.

मी कुंपणाची तार ओढायला गेलो होतो. परत आलो तर मेल्वा माझ्या स्टुलावर. "पाव भट्टीत आहे, तोवर म्हटलं बघूया," म्हणाली. चष्मा लावलेला, पट्टी खटाखट सरकवत होती आणि तोंडाने चर्चच्या फुलांची कुणाची पाळी कुणी चुकवली ते मला सांगत होती. मी म्हटलं, "अगं, थांबून बघ तरी आत!"

"बघतेय की. डोळे आहेत मला. थांबायला कशाला हवं?"

पंचवीस झाली. मी मुद्दाम तोलली, तिला दाखवायला की घाईत काय होतं.

अठरा. अठरा. सतरा आणि नऊ. अठरा. शेवटपर्यंत एकही जड नाही.

"पास का?" ती म्हणाली.

मला थोडा राग आला होता, तो यंत्राचा की तिचा ते ठरवता येईना. एकोणीस वर्षं काळजी घेणाऱ्याच्या हातून चूक होते आणि फुलांच्या पाळीवर बोलणारीच्या हातून होत नाही. यात देवाला काय सांगायचं असेल ते मला कळत नाही. कदाचित काहीच सांगायचं नसेल.

मंगळवार, ३ एप्रिल

सापडलं.

आम्ही दोघं आज दुपारभर शेडमध्ये होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

मी मेल्वासारखं न थांबता भरलं. वीस. सगळी ठीक, एक किंचित जड. म्हणजे थांबणं हाच दोष. मला हायसं वाटलं. मग वाटलं, थांबल्याने दारू का वाढावी? म्हणून मी दहा आकडे थांबलो, पण हात पट्टीवर न ठेवता मांडीवर ठेवून, आणि मग पट्टी सरकवली. वीस. सगळी ठीक. म्हणजे थांबण्यातही दोष नाही. पट्टीवर हात ठेवून थांबण्यात आहे.

मेल्वा म्हणाली, "गव्हाचं माप भरून बाजूने थापटलं की आणखी ओंजळ मावते. तसं पट्टी कुणीतरी थापटतंय."

"कुणी थापटत नाही. मी नुसता हात ठेवतो."

"मग मी ठेवते."

तिने उजवा हात पट्टीवर ठेवला, दहा मोजले, सरकवली. वीस वेळा. सगळी अठरा.

मग मी. हात पट्टीवर, दहा आकडे. अठरा आणि आठ. एकोणीस आणि एक. एकोणीस.

आम्ही दोघंही तराजूकडे बघत होतो. मग मी पुन्हा हात पट्टीवर ठेवला आणि या वेळी काडतुसात न बघता हाताकडे बघितलं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू चिमटीतलं बी सुटं करतोय. मी करत नव्हतो. ते होत होतं. पट्टीतून बारीक टकटक येत होती. टॉर्चमुळे, वाकण्यामुळे, नाव घेण्यामुळे मला ती कधी ऐकू आली नव्हती. पट्टी सरकवायला हात उचलला की ती थांबत होती. काम करताना हात बरा असतो. थांबला की हलतो.

"मेल्वा, हे कधीपासून?"

तिने माझ्या हातावर आपला हात ठेवला. "बशी वाजते तेव्हापासून," ती म्हणाली. नाताळपासून असेल.

कुंपणाच्या तारा ओढल्या की असं होतं, दोन-तीन दिवस. पण नाताळात तारा ओढल्या नव्हत्या.

कारण सापडल्याचा आनंद मला झाला, हे लिहून ठेवायला हवं. खरंच झाला. मग हळूहळू गेला.

शनिवार, ७ एप्रिल

थिओला शेडमध्ये बोलावलं. मेल्वाने साखरेच्या भुग्याचा केक केला होता. त्यातला तुकडा तोंडात ठेवूनच तो आला.

मी काही सांगितलं नाही, फक्त दाखवलं. आधी मेल्वाने भरलं. मग थिओने, तक्रार करत: "इतकी वर्षं फुकट खेळलो, आता कामाला लावलंस." दोघांची तोलली. अठरा, अठरा. मग मी बसलो. टॉर्च, वाकणं, त्याचं नाव, सगळं नेहमीसारखं.

एकोणीस आणि चार.

मला वाटलं तो तराजूकडे बघेल. तो माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने मेल्वाकडे बघितलं. मेल्वाने मान खाली घातली.

तो ट्रककडे गेला. खोकं घेऊन आला. फळीवर ठेवलं, आणि म्हणाला, "काप."

पंचवीस कापली. सात जड. एकविसावं पारड्यात ओतलं तर काटा वर जाऊन थांबलाच नाही. वजन सरकवत सरकवत वीसवर आणलं तेव्हा बरोबर झाला. दोन दाणे जास्त. मी ते तीनदा तोललं.

"हे त्या नळीत गेलं असतं," मी म्हणालो.

"गेलं नाही," थिओ म्हणाला.

"गेलं असतं, थिओ."

"अरे गेलं नाही म्हणतो ना! कान आहेत का?" त्याचा आवाज चढला. मग त्याने ती दारू बोटाने पारड्यात पसरली, तसं करायचं नसतं, आणि म्हणाला, "बाबांनी त्यांच्या पंचावन्नाव्या वर्षी बंदूक माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं खूश होऊन दिली. त्यांच्या हाताकडे कधी बघितलंच नाही मी."

नंतर ती दोघं भावंडं स्वयंपाकघरात बराच वेळ हळू बोलत होती. ईस्टरच्या जेवणाचं ठरवत असतील. मी वाफ्यात दारू पसरून आलो. त्या वीस दाण्यांना वेगळी जागा दिली नाही.

सोमवार, ९ एप्रिल

पेरणीयंत्राला ग्रीस. मेल्वाने गुरुवारी शहरात, हॉरशमला, डॉक्टरची वेळ घेतली आहे. तिचा गुडघा दुखतो. मी म्हटलं, मी गाडी चालवतो. ती म्हणाली, "मी चालवेन." दुखऱ्या गुडघ्याने?

गुरुवार, १२ एप्रिल

वेळ माझी होती.

डॉक्टर तरुण आहे, थंड हातांचा. त्याने मला दोन्ही हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले आणि शंभरातून सात-सात वजा करत उलट मोजायला लावलं. ब्याण्णवला... नाही, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. मी नीट मोजत होतो. दुसरीला तोंडी गणितात मला कुणी हरवत नसे. तीसच्या आसपास लक्षात आलं की तो आकडे ऐकतच नाही. तो मांडीकडे बघतोय. डोकं दुसरीकडे गुंतवायचं आणि हाताला मोकळं सोडायचं. शेडमध्ये मी रोज हेच करत होतो, टॉर्चने आणि नावांनी.

मला त्याची पद्धत फार आवडली. मी तसं म्हटलं. तो जरा गोंधळला, मग हसला.

मग त्याने माझ्याकडून एक वाक्य लिहून घेतलं. ओळ पुढे जाईल तसं अक्षर बारीक होत गेलं होतं. ते त्याने मेल्वाला दाखवलं, मला नाही.

त्याने सांगितलेलं नाव मोठं आहे. गोळ्या दिल्या आहेत. हळूहळू वाढतं म्हणाला, खूप वर्षं काढता येतात. मी विचारलं, काडतुसं भरता येतील का? त्याने मेल्वाकडे बघितलं. मी म्हटलं, उत्तर मिळालं.

परत येताना मेल्वा गाडी चालवत होती. मी म्हटलं, "गुडघा कसा आहे?"

"चूप बस," ती म्हणाली, आणि पुढे बराच वेळ एका हातानेच गाडी चालवली.

मंगळवार, १७ एप्रिल

ईस्टरची काडतुसं भरून झाली. मेल्वाने पट्टी सरकवली, मी तोललं. दर पाचवं काडतूस बंद करण्याआधी तिने माझ्याकडे सरकवायचं, मी दारू पारड्यात ओतून बघायची. खोक्यांवरची नावंही तीच लिहिते, एवढी मोठी की बेरिल म्हणेल दुकानाची पाटी आहे.

मी तोलताना नावं घेतो. मेल्वा म्हणते, मोठ्याने घे, मलाही कळू दे कुणाचं आहे. म्हणून आता आम्ही दोघं घेतो.

पारडं ठेवताना माझा हात हलतो, काटा वरखाली नाचतो. पण ठेवलं की हात काढून घ्यायचा असतो. मग तो आपोआप संथ होतो आणि खरं सांगतो. आज हे शंभर वेळा बघितलं आणि कंटाळा आला नाही.

शनिवार, २१ एप्रिल, ईस्टरचा शनिवार

ऊन होतं, वारा नव्हता. चार गावांचे क्लब आले होते. चहाच्या टेबलावर बेरिल पाहुण्यांना सांगत होती, "आमच्याकडे काडतुसं तोलून मिळतात. तुमच्याकडे नशिबावर."

थिओ दुसऱ्या पथकात होता. मी त्याच्या मागे, दोरीबाहेर, बाकावर बसलो. शेजारी मेल्वा. हात मी मुद्दाम गुडघ्यावर उघडा ठेवला. लपवून काय करायचं, अकरा जणांना ठाऊक आहे.

"ओढ!"

पहिला बार. मी डोळे मिटले नाहीत. बंदूक उघडली, काडतूस बाहेर उडालं. दुसरा. तिसरा. सातवा. बंदूक एका बोटाने उघडली. मेल्वा बाकाच्या कडेला सरकून पुढे वाकली होती, जणू एकेक बार ती स्वतः झेलत होती. तिनेच भरलेत, हे मी विसरलो होतो.

विसावा. एकविसावा. मला आवाजांतला फरक ऐकता येतो, एकोणीस वर्षांत तेवढं शिकलोय. फरक नव्हता. पंचवीस बार, पंचवीसही एकाच वजनाचे. नळ्या पातळ होत्या, त्या तशाच राहिल्या.

तबकड्या फुटल्या एकोणीस. कप शेजारच्या गावाच्या शाळामास्तरणीने नेला, पंचविसांत पंचवीस.

थिओ बंदूक मोडून हातावर टाकून आला आणि आमच्यासमोर उभा राहिला. चेहरा पडलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"फार वाईट झालं. काडतुसं इतकी नेमकी आहेत की सहा चुकल्या त्याचा दोष कुणाला द्यायचा ते कळेना."

मेल्वा हसली आणि लगेच रुमाल काढला.

तो बाकावर माझ्या उजव्या बाजूला बसला. जागा कमी होती. त्याने बंदूक दोघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली, माझ्या हातावर तिचा भार आला. नळी अजून गरम होती.

"पुढच्या शनिवारी दोन खोकी लागतील," तो म्हणाला.

"तुझ्या बहिणीला सांग."

"तिला सांगेनच. पण तोलणार तू ना?"

"तोलेन की," मी म्हटलं. "ठेवायचं आणि हात काढून घ्यायचा, एवढंच काम आहे."